उरलेले एकवीस दिवस

भुजंगचं लग्न मोडलं, आणि ते माझ्यामुळं मोडलं.

असं काही झालेलं नाही. मी टाकीबद्दल सांगणार होतो, मधेच हे वाक्य कुठून आलं ठाऊक नाही. ते वाचलंच नाही असं समजून पुढं चला.

तर टाकी. मंठ्यापासून अकरा किलोमीटरवर आमचं गाव आहे, आणि गावाच्या वरच्या अंगाला, मारुतीच्या कळसापेक्षा उंच अशी पाण्याची टाकी आहे. ती १९८६ साली बांधून झाली. तिच्यासाठी जी विहीर खोदली तिला पाणी लागलं नाही. टाकी मात्र चांगली झाली. पाणीच नसल्यामुळं ती गळत नव्हती, आणि न गळणारी अशी आमच्या भागातली ती एकुलती एक टाकी होती. पाहुणे आले की आम्ही त्यांना ती दाखवायला न्यायचो.

अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात कारभारी सरांनी पेपरात वाचलं की दोन रशियन माणसं वर्षभर अंतराळात राहून सुखरूप खाली आली. कारभारी सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. त्यांनी ती बातमी वर्गात वाचली, पारावर वाचली, आणि दुसऱ्या दिवशी दाढी करता करता त्यांच्या डोक्यात आलं की वर जाणं ही इंजिनाची गोष्ट आहे, ती रशियन लोक बघून घेतील. पण वर्षभर एकाच खोलीत दुसऱ्या माणसाचं तोंड बघत बसणं ही मनाची गोष्ट आहे, आणि ती तपासायला रशियात जायची गरज नाही. त्याला दोन माणसं लागतात आणि एक बंद जागा लागते. बंद जागा गावात तयार होती.

दोन माणसं म्हणजे मी आणि भुजंग.

माझं नाव कचरू. मुलं जगत नसली की आमच्याकडं असलं नाव ठेवतात, म्हणजे यमाला वाटतं, हे काय न्यायचं. उपाय लागू पडला. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो आणि बारावी नापास झाल्यावर पुढं काय करावं याचा तीन वर्षं विचार करत होतो. भुजंग माझ्याच बाकावरचा, माझ्याबरोबर नापास झालेला. फरक एवढाच की मी लोकांना हसवायचो, आणि मी काही बोललो की सगळ्यांच्या आधी तो हसायचा. कधी कधी मी बोलायच्या आधीच.

मी तयार झालो कारण जानेवारीत पऱ्हाट्या उपटायच्या असतात. कपाशीची वाळलेली झाडं उपटण्यापेक्षा अंतराळ बरं. भुजंगचं कारण वेगळं होतं. दिवाळीनंतर त्याची वडीगोद्रीच्या साहेबरावांच्या बेबीनंदाशी सुपारी फुटली होती आणि लग्न वैशाखात धरलं होतं. वडीगोद्री पडली रोडवरची, त्यामुळं साहेबरावांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचं जग पाहिलेलं. बैठकीत त्यांनी सहज विचारलं की जावईबापू, तुमचं विशेष काय? भुजंगनं प्रामाणिकपणे विचार केला. बराच वेळ केला. चहा निवला. मग तो म्हणाला, विशेष काही नाही. तेव्हापासून तो विशेष शोधत होता.

किती दिवस राहायचं हे फकरोद्दीननं ठरवलं. फकरोद्दीनचं मंडप आणि भोंग्याचं काम होतं, त्यामुळं गावातल्या कुठल्याही गोष्टीत त्याचं मत लागायचंच. तो म्हणाला, "चाळीस दिवसाचा चिल्ला राह्यतो, सर. त्याच्याम्होरं माणूस एकतर पीर व्हतो, न्हाई तर पागल." सरांना दोन्ही नको होतं. म्हणून बरोबर चाळीस.

सरांनी अंतराळ प्रवास प्रयोग समिती काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि ड्रॉइंगच्या कागदावर नियम लिहिले. यानातल्या माणसांनी जमिनीवरच्या माणसांशी बोलायचं नाही. जेवण कडीच्या डब्यातून दोरीनं वर जाईल. पहाटे उजाडायच्या आत दोघांनी घोंगडी डोक्यावर घेऊन, कोणाकडं न बघता, खाली उतरून नाल्याकडं जाऊन यावं. याला यानाबाहेरचं चालणं म्हणावं. आणि मुख्य नियम शेवटचा. रोज संध्याकाळी प्रत्येकानं एक पान लिहायचं, पण स्वतःबद्दल नाही, दुसऱ्याबद्दल. सर म्हणाले की आपलं डोकं सरकायला लागलं तर ते आपल्याला कळत नाही, कारण कळायला तेच डोकं वापरावं लागतं. ते शेजारच्याला कळतं. मी अंतराळवीर क्रमांक एक, भुजंग क्रमांक दोन. पानं डब्यातून खाली यायची आणि ती फक्त सरांनी वाचायची.

आठ जानेवारी, रविवार. नारळ फुटला. भुजंगची आई द्वारकाबाई, तिनं दोघांनाही कुंकू लावलं आणि मला म्हणाली, कचरू, त्याला एकट्याला झोप येत न्हाई, लहानपणापासून न्हाई, जरा बघजो. मी हो म्हणालो. सरांनी दहापासून उलटे आकडे मोजले. शून्य झाल्यावर काही झालं नाही, म्हणून आम्ही शिडी चढायला लागलो.

टाकी आतून गोल होती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आठ पावलं. वर एक चौकोनी भोक, त्याला लोखंडी झाकण, आणि भोकापासून खालपर्यंत आतली शिडी. उजेड त्या भोकातूनच यायचा. त्याचा एक चौकोन सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर पडायचा आणि दिवसभर हळूहळू खाली येऊन, जमीन ओलांडून, पलीकडच्या भिंतीवर चढायचा. आमच्याकडं दोन घोंगड्या, एक माठ, वह्या, पेन्सिली आणि एक पत्त्यांचा जोड होता. जोडात बदामाची राणी नव्हती.

पहिले दोन दिवस मजेत गेले. आम्ही ओरडायचो आणि टाकी ते चार वेळा परत करायची.

पाचव्या दिवशी मला कळलं की भुजंग भाकर चावतो तेव्हा त्याच्या डाव्या कानाजवळ कट असा आवाज होतो. वीस वर्षं मी त्याच्याबरोबर जेवत होतो. हा आवाज इतके दिवस कुठं होता? मी मोजायला लागलो. एका भाकरीला एकशे सहा कट. त्यालाही माझं काहीतरी खुपत असणार, पण तो बोलला नाही. सहाव्या दिवशी उजेडाच्या चौकोनावरून आमचं भांडण झालं. तो चौकोनात बसला होता आणि मी म्हणालो की चौकोन आता माझ्या बाजूला सरकलाय, तू ऊठ. तो म्हणाला, सरकला तर सरकला, मी आधीपासून हाये. मी म्हणालो, सूर्य काय तुझ्या बापाचा आहे का. त्याचे वडील तो चार वर्षांचा असताना वारले होते. मग आमचं बोलणं बंद झालं.

सातव्या दिवशी संक्रांत आली. डब्यात तिळाचे लाडू आले. तिळगूळ द्यायला टाकीत एकमेकांशिवाय कोणी नव्हतं. शेवटी भुजंग उठला, माझ्या हातावर लाडू ठेवला आणि नुसतं "गोड" म्हणाला. "बोला" म्हणाला नाही. पण मग तासाभरानं आपण होऊन म्हणाला, "वरच्या पायरीवर तू बसत जा संध्याकाळचा. तुला घाम लई येतो. हवा लागंल."

शिडीच्या वरच्या पायरीवर, झाकण जरा सारून, एकाच माणसाला बसता यायचं. नियमाप्रमाणं तिथं पाळीपाळीनं बसायचं होतं. त्यानं त्याची पाळी मला देऊन टाकली.

इथं मला एक गोष्ट सांगायची राहिली. टाकीच्या तळाशी बसलं की बाहेरचं काहीच नीट ऐकू यायचं नाही. बैल, मोटार, माणूस, सगळ्याचा मिळून एकच गुंगाट. पण वरच्या पायरीवर झाकणाशी डोकं नेलं की शब्द न् शब्द कळायचा. आणि संक्रांतीच्या आधीच, तिसऱ्या दिवशी, माझी पाळी असताना, मी तिथून एक आवाज ऐकला होता. तो कारभारी सरांचा होता, भोंग्यातून येत होता, आणि तो माझं पान वाचत होता.

झालं असं होतं की संध्याकाळी टाकीखाली माणसं जमायची. टाकीकडं बघत बसायची. टाकी काही करत नव्हती. लोक सरांना म्हणाले, आत काय चाललंय ते आम्हाला कळायला पाहिजे, टाकी गावाची आहे. सरांनी पेपरात वाचलेलं की अंतराळाची बातमी जनतेला द्यावी लागते. फकरोद्दीननं भोंगा आणून लावला आणि म्हणाला, आवाज बराबर जाईल सर, बिलकुल मंठ्यापर्यंत.

त्या दिवशीच्या पानात मी लिहिलं होतं: 'क्रमांक दोन यांनी आज माठाला दोनदा पाय लावला व दोनदा माठाच्या पाया पडले.' सरांनी ते बातम्यांच्या आवाजात वाचलं. आणि खालून हसू आलं.

तीन दिवस टाकीत बसलेल्या माणसाला खालून दीडशे माणसं हसल्याचा आवाज कसा लागतो, ते पेपरात आलेलं नाही. मला वाटतं त्या टाकीत पहिल्यांदा काही चढलं असेल तर ते हसू.

भुजंगनं टाकीच्या तळातून विचारलं, "काय चाललंय रे बाहीर?"

"बहुरूपी आलाय."

दुसऱ्या दिवशी पुन्हा गुंगाट झाला. त्यानं पुन्हा विचारलं.

"रोज येऊन राह्यला का?"

"रोज."

"चांगला असंल मंग."

"बराय," मी म्हणालो.

त्यानंतर मी पानं मन लावून लिहायला लागलो. सकाळपासून डोक्यात तेच. भुजंग काय करतो ते मी डोळ्यांत तेल घालून बघायचो, आणि काही करत नसला तर त्याला करायला लावायचो. नवव्या दिवशी टाकीत एक पाल आली. भुजंगला बरं वाटलं. तो तिच्याशी बोलायचा, तिला 'अहो' म्हणायचा, कारण त्याच्या मनात तो लग्नानंतरच्या बोलण्याची तयारी करत होता. बायको नवऱ्याला जसं म्हणते तसं आपण बायकोला म्हटलं तर काय बिघडतं, असं त्यानं मला विचारलंही होतं. मी लिहिलं: 'क्रमांक दोन यांनी आज पालीला सहा वेळा अहो म्हटलं. पालीनं उत्तर दिलं नाही. पाल बहुधा वडीगोद्रीची असावी.' त्या संध्याकाळी सरांना स्वतःला हसू आवरेना, ते दोनदा थांबले. मी पायरीवर बसून घाम पुसत होतो.

मला स्वतःला टाकीत काही त्रास झाला नाही, हे इथं नोंदवून ठेवतो.

तेराव्या दिवशी भुजंग दुपारी उठून बसला आणि माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला की खाली काही नाही. म्हणजे कसं, मी विचारलं. तो म्हणाला, गाव नाही, माय नाही, डबा आपोआप येतो, आपण पहाटे जातो तो नालाही कोणीतरी तेवढ्यापुरता ठेवत असेल. हे त्याला खरं वाटत नव्हतं, हे तो वरचेवर सांगत होता. खोटंय हे ठाऊक आहे, पण डोळा लागला की ते येतं, म्हणाला. आणि मग त्यानं माझ्या टॉवेलचं एक टोक हातात घेतलं.

"हे धरून झोपू का? तू हायेस एवढं कळत राह्यतं."

"धर."

"कोणाला सांगू नको, कचऱ्या."

मी म्हणालो, "कोणाला सांगू? इथं हाये कोण?"

त्याला ते पटलं. तो झोपला. टॉवेलचं दुसरं टोक माझ्या खांद्यावर होतं, म्हणून मला दोन तास हलता येत नव्हतं. मी चौकोन भिंतीवर चढताना बघत बसलो. रोज दुपारी असं चाललं. टोक सुटलं तर तो दचकून उठायचा आणि विचारायचा, "हायेस का?" मी आहे म्हणायचो. मग तो झोपायचा.

हे मी पाच दिवस लिहिलं नाही. पाच दिवस. एवढं माझ्या बाजूनं धरावं.

पण पाच दिवस माझी पानं बेचव झाली. खाली हसू कमी झालं. सतराव्या दिवशी तर सर वाचत असताना कोणीतरी मधेच सोसायटीत खत आलं का विचारलं. मी पायरीवरून ऐकलं.

अठराव्या दिवशी, म्हणजे पंचवीस जानेवारीला, मी टॉवेल लिहिला.

सव्वीसला वडीगोद्रीचे पाहुणे येणार आहेत हे मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक होतं. सकाळच्या डब्यात भाकरीच्या फडक्याखाली सरांची चिठ्ठी होती: 'उद्या झेंडावंदनाला साहेबराव पाहुणे म्हणून येत आहेत. आजचं पान आज न वाचता उद्या झेंड्यानंतर सर्वांसमोर वाचू. भुजंगचं चांगलं लिही.' डबा मीच ओढायचो, म्हणून चिठ्ठी माझ्याच हातात आली. मी ती भुजंगला दाखवली नाही. चिठ्ठी वाचून माझ्या मनात एकच आलं, ते असं की उद्या गर्दी जास्त असणार.

तर झेंडा फडकला. गाणी झाली. पोरांना बुंदी वाटली. मी वरच्या पायरीवर होतो. भुजंग खाली उजेडाच्या चौकोनात बसून नखं बघत होता. सरांनी भोंग्यावर फुंकर मारली आणि वाचायला लागले.

'अंतराळवीर क्रमांक दोन यांना दुपारी झोप लागत नाही. ती लागण्यासाठी ते क्रमांक एक यांच्या टॉवेलचं टोक मुठीत धरतात. टोक सुटल्यास दचकून उठतात व हायेस का असं विचारतात. टॉवेलऐवजी पोतं देऊन पाहिलं, ते ओळखलं गेलं.'

पोतं मी कधी दिलं नव्हतं. ते मी हसण्यासाठी घातलं होतं, आणि हसले. सगळा गाव हसला, मास्तर लोक हसले, पोरांना बुंदीचा ठसका लागला. सर पुढं वाचत गेले. पान त्यांनी आधी वाचलेलं नव्हतं. माझं पान ते आधी वाचायचे नाहीत, मजा जाते म्हणायचे.

'सदर सवय लग्नापर्यंत राहिल्यास वधूपक्षास सूचना करण्यात येते की वधूचा पदर नेहमीपेक्षा दोन हात लांब असावा. वधूस रात्री पाण्याला उठायचं झाल्यास पदर मागे ठेवून जावा.'

इथं हसू आणखी वाढायला पाहिजे होतं. मी त्या जागी तसा हिशेब करूनच ते वाक्य ठेवलं होतं. हसू वाढलं नाही. ते थांबलं. दोन-चार पोरं उगाच हसत राहिली, मग त्यांनाही कोणीतरी मारलं असावं. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली, आणि मग फकरोद्दीननं तीही बंद केली.

पुढचं मला नंतर सांगण्यात आलं. साहेबराव चिडले नाहीत. त्यांनी हातातली बुंदी खाऊन संपवली, बुंदीच्या कागदाची घडी केली, आणि द्वारकाबाईजवळ जाऊन एवढंच म्हणाले, "बाई, पोराच्या डोक्याचं आम्ही बघून घेतलं असतं. पण आमच्या लेकीचा पदर तुम्ही भोंग्यावर आणला." आणि अकराच्या मोटारीनं निघून गेले.

टाकीत मी पायरीवर होतो, आणि भुजंग शिडी चढून माझ्या खांद्यापाशी, झाकणाजवळ आला. तो म्हणाला, "बहुरूपी गेला का?"

मी उत्तर द्यायच्या आत खालून द्वारकाबाईची हाक आली. तिला नियम ठाऊक होता. अठरा दिवस तिनं डबा बांधताना तोंडातून शब्द काढला नव्हता.

"भुजंगा. खाली ये, बाबा."

भुजंगच्या चेहऱ्यावर आधी काय आलं ते मी कुठल्याच पानात लिहिलेलं नाही. खाली खरंच माय आहे म्हणून त्याला आनंद झाला. मग त्याला कळलं की तिचा आवाज बरोबर नाही.

तो माझ्या बाजूनं शिडी चढून बाहेर पडला आणि मी त्याच्या मागून उतरलो. अठरा दिवसांनंतर उन्हात आम्हाला नीट दिसत नव्हतं. माणसांनी वाट करून दिली. मोठी माणसं दुसरीकडं बघायला लागली. पण पोरांना कुठं कळतं? दुसरीतली दोघं-तिघं पुढं आली, त्यांनी आपापल्या सदऱ्यांची टोकं हातात धरून भुजंगसमोर केली आणि म्हणाली, "हायेस का?"

भुजंगनं त्या टोकांकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या टॉवेलकडं पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही. सगळ्या गावात माझा विनोद सगळ्यांच्या आधी त्यालाच कळायचा.

तो म्हणाला, "मला भ्याव वाटायचं, खाली कोणीच न्हाई म्हणून. न्हाई राह्यले असते तर बरं झालं असतं."

मग तो घरी गेला.

सोयरीक आठ दिवसांत मोडली. गावात जे कारण झालं ते असं की टाकीत राहून भुजंग येडा झाला, म्हणून वडीगोद्रीवाल्यांनी पोरगी दिली नाही. हे कारण सगळ्यांना सोयीचं होतं. सर म्हणायचे, प्रयोगाचा निष्कर्ष निघाला, दीर्घ प्रवासात मनावर परिणाम होतो. लोक मला विचारायचे, तुला कसं काही झालं नाही रे? मी म्हणायचो, माझ्याकडं होतंच काय सरकायला. हसायचे. तेव्हा मी सांगू शकलो असतो की त्याला काही झालेलं नव्हतं, झालं ते माझ्या पानानं झालं. एक वाक्य होतं. भोंगाही फुकट मिळाला असता. सहा वर्षं मी ते वाक्य बोललो नाही, आणि आत्ता वरती बोललो तर लगेच तुम्हाला म्हणालो की ते वाचलंच नाही असं समजा.

पुढच्या वर्षी सरांची परभणीकडं बदली झाली. जाताना त्यांनी मला बोलावून एक पुडकं दिलं. भुजंगची पानं. अठरा. मी विचारलं, ही कधी भोंग्यावर कशी आली नाहीत? सर म्हणाले, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

ती मी तिथंच, सरांच्या ओट्यावर बसून वाचली.

'क्र. १ ची तब्येत चांगली. जेवण बराबर.'

'क्र. १ ला घाम येतो. वरची जागा त्याला दिली आहे. माझी तक्रार नाही.'

'क्र. १ झोपेत बोलतो. काय बोलतो ते लिहीत नाही.'

आणि बाराव्या दिवसाचं: 'क्र. १ आज भिंतीकडं तोंड करून बराच वेळ रडला. मी झोपलो आहे असं त्याला वाटलं. हे लिहायला नको होतं, पण सर, तुम्ही खरं लिहायला सांगितलं म्हणून लिहिलं. तो लोकांना हसवतो, त्याला हे कळलेलं आवडणार नाही. वाचून फाडावं. उद्यापासून त्याला एकटं वाटू नये म्हणून काहीतरी करतो.'

तेराव्या दिवशी त्यानं माझा टॉवेल धरला होता.

मी मघाशी नोंदवलं की मला काही त्रास झाला नाही. ती नोंद रद्द समजावी.

भुजंग आता जालन्यात असतो, मस्तगडला एका कापडाच्या दुकानात. लग्न केलं नाही. द्वारकाबाई त्याच्याकडंच असते. बेबीनंदा परतूरकडं दिली, असं ऐकतो. मी जालन्याला गेलो की त्या दुकानात जातो. माफी मागायला जातो. पहिल्या वेळी गेलो तेव्हा त्यानं मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "काय दाखवू तुम्हाला?"

त्यानं मला तुम्ही म्हटलं. एका बाकावर दहा वर्षं बसलेल्या माणसानं. टाकीत पालीला अहो म्हणत होता ते बरं होतं, त्यात माया होती.

मी म्हणालो, टॉवेल. त्यानं चार दाखवले, मी एक घेतला. त्यानं घडी घालून कागदात बांधून दिला, घडी घालताना टोकं जुळवली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला. त्यानंतर मी तेवीस वेळा गेलो आहे. दर वेळी तोंडाशी येतं, आणि दर वेळी तो विचारतो, काय दाखवू. आमच्या घरात आता चोवीस नवे टॉवेल आहेत. आई म्हणते, एवढ्यांत तर अख्ख्या गावाची आंघोळ होईल.

आंघोळीवरून आठवलं. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर नवी विहीर लागली. टाकीत पाणी आलं. आठ वर्षांनी ती पहिल्यांदा भरली, आणि बायकांनी तिची ओटी भरली. टाकी गळत नाही. दिवसाआड नळ येतो. उन्हाळ्यात बाजूच्या चार गावांचे लोक बैलगाड्यांवर पिंप घालून आमच्याकडं येतात. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असूनही मी पुढचा अर्ज करतो आहे.

प्रति,
मा. अध्यक्ष, अंतराळ प्रवास प्रयोग समिती (बंद),
मार्फत ग्रामपंचायत.

विषय: अपूर्ण राहिलेले एकवीस दिवस पूर्ण करण्याची परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून विनंती करतो की, सन १९८९ मध्ये घेतलेल्या चाळीस दिवसांच्या प्रयोगापैकी एकोणीस दिवस झाले असून एकवीस दिवस शिल्लक आहेत. प्रयोग थांबण्यास क्रमांक दोन जबाबदार नव्हते. क्रमांक एक, म्हणजे खाली सही करणार, जबाबदार होता. ही गोष्ट दप्तरी नोंद व्हावी व भोंग्यावर एकदा वाचून दाखवावी.

तसेच गावाची पाण्याची टाकी येत्या उन्हाळ्यात सलग एकवीस दिवस पूर्ण रिकामी करून, आतून कोरडी करून मिळावी. दोघांनाही वर जाण्याचा आदेश निघावा; क्रमांक दोन यांना तो मस्तगड येथे दुकानाच्या पत्त्यावर पोहोचावा. ते न आल्यास क्रमांक एक त्यांची वाट वरच पाहील. वरच्या पायरीची जागा क्रमांक दोन यांच्यासाठी राखीव राहील. या वेळी कोणीही कोणाबद्दल काही लिहिणार नाही.

टॉवेल अर्जदार घरून आणेल. त्याचं एक टोक मोकळं ठेवण्यात येईल.

कळावे, योग्य तो आदेश व्हावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
कचरू, क्रमांक एक